व्यापारचक्राच्या सुरुवातीच्या नवसनातनवादी विवेचनात पैशाचे स्थान नेमके कोणते?

प्रश्न – विद्यार्थिनी, एम. ए. भाग २

नमस्कार. आर्थिक विचारांचा इतिहास हा विषय अभ्यासताना मी एका ठिकाणी अडले आहे. हाताशी असलेली दोन पुस्तके परस्परविरुद्ध सांगत असल्याने इथे विचारत आहे.

आम्हाला असे शिकवले जाते की नवसनातनवादी (निओक्लासिकल) अर्थशास्त्रज्ञांच्या लेखी पैसा हा केवळ पडदा आहे. वस्तूंच्या सापेक्ष किमती, उत्पादन आणि रोजगार हे लोकांच्या आवडीनिवडी, उपलब्ध साधने व उत्पादनतंत्र यांवरून ठरतात; चलन दुप्पट झाले तर भाव दुप्पट होतील, एवढाच त्याचा परिणाम. परंतु व्यापारचक्राच्या प्रकरणाकडे वळले की तेच मार्शल, तेच फिशर, विक्सेल आणि हॉट्रे तेजी-मंदीची मीमांसा पत, बँका आणि व्याजदर यांच्याच भाषेत करताना दिसतात. जो पैसा समतोलाच्या सिद्धांतात काहीच करत नाही, तो कारखाने बंद पाडण्याइतका समर्थ कसा होतो?

दुसरी शंका विक्सेलविषयी आहे. एका पुस्तकात विक्सेल आणि हॉट्रे यांना चलनविषयक व्यापारचक्राचे प्रवर्तक म्हणून एकाच ओळीत बसवले आहे. दुसऱ्या पुस्तकात मात्र विक्सेलच्या मते चक्राचे मूळ तंत्रज्ञानात आहे असे म्हटले आहे. यातले ग्राह्य काय धरावे? केन्सच्या १९३६ च्या 'जनरल थिअरी' या ग्रंथानंतरची चर्चा मला सापडते. मला त्यापूर्वीचे, विशेषतः १८७० ते १९३० या काळातले हवे आहे.

उत्तर १ – निवृत्त प्राध्यापक

तुम्हाला जी विसंगती जाणवली ती खरी आहे, आणि त्या लेखकांना तिची कल्पना नव्हती असे मुळीच नाही. चलनसंख्यामान सिद्धांत, म्हणजे चलन वाढेल त्याच प्रमाणात भाव वाढतात हे म्हणणे, जे सांगतो तो प्रवासाचा शेवटचा मुक्काम असतो. व्यापारचक्र घडते ते वाटेत. सर्व किमती, सर्व वेतने, सर्व भाडी आणि सर्व कर्जे एकाच दिवशी एकाच प्रमाणात वाढली असती, तर चलन दुप्पट झाल्याचे कोणाला कळलेही नसते. पण तसे होत नाही. कोणती तरी एक किंमत इतरांच्या मागे रेंगाळते, आणि ती रेंगाळते तोवर कोणाला तरी अनपेक्षित नफा व कोणाला तरी अनपेक्षित तोटा होत राहतो. माझ्या मते या सर्व लेखकांमधला समान धागा हाच आहे. मतभेद आहेत ते कोणती किंमत मागे राहते याविषयी.

हे सर्वांत स्वच्छ दिसते ते आयर्व्हिंग फिशरकडे. १९११ च्या आपल्या ग्रंथात त्याने चलन, भ्रमणवेग (पैसा किती वेळा हात बदलतो), भाव व व्यवहार यांचे प्रसिद्ध समीकरण मांडले आणि त्यातच संक्रमणकाळासाठी एक स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले. समीकरण मुक्कामाचे आहे आणि ते प्रकरण वाटेचे. पाठ्यपुस्तके समीकरण घेतात आणि प्रकरण गाळतात, हे मला वर्षानुवर्षे खटकत आले आहे, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या गाळलेल्या पानांत आहे.

त्यातली यंत्रणा एका हिशेबाने पाहा. एखाद्या व्यापाऱ्याने ५ टक्क्यांनी १०० पौंड एका वर्षासाठी उचलले. त्या वर्षात भाव ३ टक्क्यांनी वाढले. वर्षअखेर तो १०५ पौंड परत करतो, पण त्या १०५ पौंडांत गेल्या वर्षीच्या भावाने जेमतेम १०२ पौंडांचा माल येतो. म्हणजे त्याला प्रत्यक्षात सुमारे २ टक्केच व्याज पडले. व्याजदर लगेच ८ टक्क्यांच्या आसपास गेला असता तर ही बचत उरली नसती. परंतु सावकार आणि बँका कालच्या अनुभवावर चालतात, म्हणून दर ६ वर जातो आणि तिथे घुटमळतो. ऋणको नफ्यात आहे हे पाहून आणखी लोक कर्ज काढतात, बँका खात्यांवर नव्या ठेवी निर्माण करतात, ठेवी धनादेशाने फिरू लागतात आणि भाव आणखी चढतात. बँकांची रोख राखीव कमी पडू लागेपर्यंत हे चालते. मग दर झपाट्याने चढतो, जुनी कर्जे नव्या चढ्या दराने फिरवून घेणे ज्यांना जमत नाही ते बुडतात, आणि भाव उतरू लागतात. आता तोच ६ टक्क्यांचा दर, भाव ३ टक्क्यांनी घसरत असताना, प्रत्यक्षात ९ टक्क्यांहून अधिक पडतो. तेजीत ज्या विलंबाने ऋणकोला हात दिला, मंदीत तोच विलंब त्याला खाली ओढतो.

मार्शलचे विवेचन याहून जुने आहे आणि अधिक विखुरलेलेही. आल्फ्रेड आणि मेरी पेली मार्शल यांनी १८७९ मध्ये लिहिलेल्या छोटेखानी पुस्तकात पतचक्राचे वर्णन आहे: विश्वास वाढतो, उसनवारी वाढते, भाव चढतात, सट्टेबाज माल धरून ठेवतात, मग काही धनको हात आखडता घेतात, सट्टेबाजांना माल विकावा लागतो, भाव कोसळतात आणि घबराट पसरते. लोकांपाशी खरेदीची शक्ती असली तरी ती वापरण्याची त्यांची इच्छा असेलच असे नाही, हे मार्शलने तिथे स्पष्ट म्हटले आहे, आणि पुढे आपल्या प्रमुख ग्रंथातही ते उद्धृत केले आहे. त्याच्याकडे मागे राहणारी किंमत मुख्यतः वेतनाची. भाव उतरले तरी वेतन त्या मानाने उतरत नाही, कर्जाचा आकडा तर अजिबात उतरत नाही, म्हणून उद्योजकाचा नफा आटतो आणि तो कामगार कमी करतो. १८८७ च्या लेखात त्याने सुचवलेला उपायही याच निदानातून आलेला आहे: दीर्घ मुदतीचे करार सोन्यात न करता सर्वसाधारण क्रयशक्तीच्या एका अधिकृत एककात करावेत, म्हणजे भावांच्या चढउतारामुळे कराराचे मोल बदलणार नाही.

सगळेच नवसनातनवादी या वाटेने गेले असे मात्र नाही. सीमांत उपयोगितेच्या (वस्तूचे मोल तिच्या शेवटच्या नगाच्या उपयोगावरून ठरते, या विचाराच्या) आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या जेव्हन्सने चक्राचे कारण थेट सूर्यावरील डागांत शोधले. सूर्याची उष्णता, हिंदुस्थानातील पिके आणि तिथल्या शेतकऱ्याची लँकेशायरच्या कापडाला असलेली मागणी, अशी त्याची साखळी होती, आणि त्यासाठी त्याने दिल्लीच्या धान्यभावांच्या नोंदी तपासल्या होत्या. पुरावा टिकला नाही. तरी त्या साखळीत पैसा कुठेच कारण म्हणून येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

उत्तर २ – निवृत्त बँक अधिकारी

प्राध्यापक महोदयांनी फिशरचा हिशेब मांडला तसाच हॉट्रेचाही मांडायला हवा, कारण व्यापारचक्र ही निव्वळ चलनविषयक घटना आहे हे म्हणणे सर्वांत ठामपणे आणि सर्वांत सुसंगतपणे त्यानेच मांडले. राल्फ हॉट्रे हा विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. तो ब्रिटिश अर्थखात्यात अधिकारी होता, आणि त्याचे पहिले पुस्तक १९१३ चे.

त्याच्या विवेचनाचा नायक कारखानदार नव्हे, तर घाऊक व्यापारी. हा व्यापारी माल भरून ठेवतो तो बँकेच्या अल्पमुदतीच्या कर्जावर, त्यामुळे व्याजदर थोडा उतरला तरी जास्त माल ठेवणे त्याला परवडते. तो कारखान्याला मागणी नोंदवतो, कारखानदार अधिक माणसे लावतो, त्यांची मिळकत वाढते, ती बाजारात येते, व्यापाऱ्याचा साठा अपेक्षेपेक्षा लवकर संपतो आणि तो पुन्हा मागणी नोंदवतो. आता मेख अशी की मजुरी रोखीने दिली जाते. बँकांतून रोख बाहेर पडते ती मजुरीच्या वाटेने, आणि मजुरी सावकाश वाढते. म्हणून रोखीची ओढ बँकेच्या तिजोरीला जाणवेपर्यंत कर्जे प्रमाणाबाहेर वाढलेली असतात. मग बँक दर वाढवते. रोख परत येते तीही तितक्याच सावकाश, म्हणून आवळणेही गरजेपेक्षा जास्त होते. सुवर्ण परिमाणाखाली, म्हणजे चलन ठरावीक दराने सोन्याशी बांधलेले असताना, बँकांच्या राखीवेला सोन्याचा खुंटा होता, त्यामुळे हे हेलकावे बऱ्यापैकी नियमित येत, असे त्याचे म्हणणे.

माझे आयुष्य व्यापाऱ्यांची कॅश क्रेडिट खाती पाहण्यात गेले, त्यामुळे हे वाचताना रोखीच्या विलंबाचा भाग मला तंतोतंत पटतो. साठ्याच्या भागाबद्दल मात्र शंका आहे. दर महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट घेऊन येणारा आडत्या समोर बसलेला असे, तेव्हा व्याज पाव-अर्धा टक्का वाढले म्हणून माल कमी भरतो असे म्हणणारा क्वचित भेटे. कारण साधे आहे. दहा लाखांचा माल तीन महिने ठेवला, तर व्याजातील एका टक्क्याच्या वाढीने त्याला अडीच हजार रुपये पडतात. तोच भाव एका टक्क्याने उतरला तर दहा हजार जातात. त्यामुळे त्याचे लक्ष उद्याच्या भावाकडे असते. केन्सने १९३० च्या ग्रंथात हॉट्रेवर घेतलेला आक्षेप साधारण असाच होता. परंतु हॉट्रेच्या बाजूनेही सांगायला हवे. बँक ऑफ इंग्लंडने दर वाढवायला सुरुवात केली की परिणाम होईपर्यंत ती थांबणार नाही, हे बाजाराला ठाऊक असे, आणि त्या जाणिवेनेच भावांबद्दलची अपेक्षा बदले. १८६६ च्या मे महिन्यात ओव्हरएंड गर्नी ही लंडनची पेढी बुडाली तेव्हा बँक दर १० टक्क्यांवर गेला आणि सुमारे तीन महिने तिथेच राहिला. असा दर पाहिलेल्या पिढीला पहिल्या अर्ध्या टक्क्याचा अर्थ वेगळा कळत असणार.

प्रश्नकर्ती

सर, दोघांचेही मनापासून आभार. फिशरचा हिशेब मी वहीत तसाच उतरवून घेतला आहे. पण आता एक नवी अडचण उभी राहिली. सगळा दोष जर कोणत्या तरी किमतीच्या रेंगाळण्याचा असेल, तर पैसा हे कारण कसे? मग कारण विलंब म्हणावा. आणि विक्सेलचे उत्तर अजून बाकी आहे.

उत्तर ३ – संशोधक

पहिल्या उत्तराशी मी बरेचसे सहमत आहे, पण 'विलंब' हा एकच धागा सर्वांना बांधतो हे मला मान्य नाही, आणि आपण नेमके त्याच जागी बोट ठेवले आहे.

आधी विक्सेल. १८९८ च्या ग्रंथात त्याने दोन व्याजदरांमध्ये भेद केला: भांडवलाच्या उत्पादकतेतून येणारा नैसर्गिक दर आणि बँका आकारतात तो दर. बँकेचा दर नैसर्गिक दराखाली राहिला तर भाव चढत राहतात. एकदा चढून थांबत नाहीत, कारण जोवर अंतर आहे तोवर कर्ज काढणे फायद्याचेच राहते. ही संचयी प्रक्रिया वाचून पुढच्या अनेकांनी तिला व्यापारचक्राचा सिद्धांत मानले, आणि आपल्या पहिल्या पुस्तकाने तेच केले आहे. परंतु विक्सेलच्या मनात तो भावपातळीचा सिद्धांत होता. दीर्घकाळ भाव का चढतात व का उतरतात, याचा. चक्राबद्दल तो १९०७ मध्ये नॉर्वेतील अर्थशास्त्रज्ञांसमोर वेगळा बोलला, आणि तिथे त्याचे म्हणणे असे होते की मूळ धक्का वास्तव बाजूचा, म्हणजे पैशाचा नव्हे तर उत्पादनाचा, आहे: लोकसंख्या आणि गरजा बऱ्याच अंशी संथपणे वाढतात, तांत्रिक शोध मात्र झटक्याझटक्याने येतात. शोध आला की नैसर्गिक दर चढतो, बँका आपला दर त्याबरोबर चढवत नाहीत, म्हणून तेजीत भाव वाढतात. पैसा इथे हेलकाव्याचा आकार वाढवतो, हेलकावा सुरू करत नाही. पुढे त्याने मुलांच्या झुलत्या लाकडी घोड्याचा दृष्टान्त दिला: घोड्याला काठीने मारले तर त्याच्या झुलण्याची लय काठीच्या हालचालीसारखी नसते, ती घोड्याच्या घडणीतून येते. बाहेरचा धक्का आणि व्यवस्थेची स्वतःची लय यांतला हा फरक त्याने इतक्या लवकर पाहिला, याचे मला आजही अप्रूप वाटते. म्हणून आपले दुसरे पुस्तक बरोबर आहे. विक्सेलला हॉट्रेच्या ओळीत बसवू नये. डेनिस रॉबर्टसनच्या १९१५ च्या अभ्यासातही शोध, पिके आणि भांडवली साधने उभारायला लागणारा काळ हीच मुख्य कारणे आहेत.

आता 'कारण' या शब्दाकडे. हा प्रश्न जर्मन भाषेत १९२० च्या दशकात फार नेटकेपणाने विचारला गेला. आडोल्फ ल्योवेने १९२६ मध्ये असा मुद्दा मांडला की समतोलाचा सिद्धांत जर बंदिस्त असेल, म्हणजे त्यातला प्रत्येक घटक इतरांशी जुळवून घेत असेल, तर त्याच्या पोटात चक्राला जागाच नाही. धक्का बसेल, व्यवस्था सावरेल, विषय संपेल. बाहेरून कितीही विलंब चिकटवले तरी ते तात्पुरते ठिगळ ठरते. हायेकने १९२९ मध्ये दिलेले उत्तर असे: वस्तुविनिमयाच्या अर्थव्यवस्थेत एकाची मागणी म्हणजेच दुसऱ्याचा पुरवठा असतो, म्हणून ती बंदिस्त राहते. पैसा, विशेषतः बँकांनी निर्माण केलेला पतपैसा, ही कडी सैल करतो. आधी कोणी बचत केलेली नसतानाही कोणाच्या तरी हाती क्रयशक्ती येते. मिझेसने १९१२ मध्ये सुरू केलेल्या विचाराचा हा पुढचा टप्पा. नव्या पतपैशाने व्याजदर कृत्रिमरीत्या खाली राहतो, दीर्घ मुदतीचे प्रकल्प परवडतात असे भासते, उपभोक्त्यांवर भाववाढीतून सक्तीची बचत लादली जाते, आणि पतवाढ मंदावली की ते प्रकल्प अर्धवट पडतात. इथे पैसा हा शब्दशः कारण आहे. कोणतीही किंमत संथ नसली तरी, पैसा अर्थव्यवस्थेत कोणत्या दाराने शिरला यावरच सापेक्ष किमती बिघडतात.

या फरकाचा व्यवहारात काय परिणाम झाला ते पाहा. फिशरने १९२३ मध्ये व्यापारचक्राला 'डॉलरचे नृत्य' म्हटले. त्याच्या दृष्टीने भावपातळी स्थिर ठेवली की बहुतांश काम झाले. १९२५ मध्ये तर त्याने चक्र म्हणून स्वतंत्र काही आहे हेच नाकारले आणि सरासरीभोवतीच्या चढउतारांची तुलना माँटे कार्लोच्या जुगारातील नशिबाशी केली. त्याच वर्षांत अमेरिकेतील घाऊक भाव बरेचसे सपाट होते, म्हणून त्याला धोका दिसला नाही. हायेकच्या चौकटीत हीच सपाट पातळी संशयास्पद ठरते, कारण उत्पादकता वाढत असताना भाव उतरायला हवे होते. ते उतरले नाहीत याचा अर्थ पतपैसा वाढत होता. १९२९ च्या पडझडीत फिशरची स्वतःची संपत्ती गेली. १९३३ मध्ये त्याने मांडलेल्या कर्ज आणि भावघसरणीच्या सिद्धांतात भावांचा विचार आधीसारखाच आहे, पण कर्जाचा बोजा आता मध्यभागी आला आहे: सगळे एकाच वेळी कर्ज फेडण्यासाठी माल विकतात, त्याने भाव पडतात, आणि फेडता फेडता उरलेल्या कर्जाचे वास्तव ओझे वाढते.

मी स्वतः हायेकच्या निदानापेक्षा फिशरच्या १९३३ च्या निदानाकडे झुकतो. तरी पैसा 'कारण' कसा, या आपल्या प्रश्नाला तर्कशुद्ध उत्तर हायेककडेच आहे, हे मान्य करावे लागते.

उत्तर ४ – वाचक, मुंबई

मूळ प्रश्न युरोप-अमेरिकेतील लेखकांचा आहे हे ध्यानात आहे, परंतु वेतनाच्या विलंबाचा मुद्दा आला म्हणून एक भर घालतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ चा ग्रंथ याच काळातला आहे, आणि त्यात हाच तर्क रुपयाला लावलेला आढळतो.

चांदीचा भाव घसरत गेला तसा १८७० च्या सुमारास जवळपास दोन शिलिंगांना जाणारा रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. या घसरणीने हिंदी निर्यातदाराला आणि गिरणीमालकाला उत्तेजन मिळते, म्हणून ती देशाच्या लाभाची आहे, असा युक्तिवाद तेव्हा केला जात होता. आंबेडकरांनी विचारले की हा लाभ येतो कोणाच्या खिशातून. भाव वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही, म्हणून निर्यातदाराच्या हाती पडणारे अधिक रुपये मजुराच्या घटलेल्या वास्तव वेतनातून आलेले असतात. मार्शल आणि फिशर ज्या विलंबात तेजीचे इंधन पाहतात, त्याच विलंबात त्यांनी एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे होणारे हस्तांतर पाहिले.

सुवर्ण विनिमय परिमाणावरची, म्हणजे देशात रुपयेच चालवून सोन्याशी त्यांचा दर सरकारने टिकवण्याच्या पद्धतीवरची, त्यांची टीकाही या चर्चेला जवळची आहे. केन्सने १९१३ मध्ये त्या पद्धतीची बाजू घेतली होती. आंबेडकरांचा आक्षेप असा की तीत रुपये पाडण्याला कोणतीही आपोआप बसणारी मर्यादा नाही, ते सरकारच्या मर्जीवर राहते. म्हणून सोन्याशी रुपयाचा दर टिकवण्यापेक्षा वस्तूंच्या तुलनेत त्याची क्रयशक्ती टिकवणे महत्त्वाचे, आणि त्यासाठी रुपयांची संख्याच बांधून टाकावी, असे त्यांनी सुचवले. १९२५ मध्ये हिंदी चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढील साक्षीतही त्यांनी हीच भूमिका मांडली. विद्यार्थिनीने फिशरचा संक्रमणकाळ आणि या ग्रंथातील चांदीच्या घसरणीचा भाग शेजारी ठेवून वाचावा. फिशरच्या हिशेबातला व्यापारी आणि आंबेडकरांच्या विवेचनातला गिरणीमालक एकाच जागी उभे असलेले तिला दिसतील.